डाव्या चाकाचा हब

चाक गाडीच्या आधी वळणावर पोचलं.

एकटंच, मोकळं सुटलेलं चाक धुळीतून उड्या मारत पुढं गेलं आणि माळावर जमलेली माणसं हसली. शर्यतीत कुणाचं चाक निघालं की आधी हसूच येतं. मग मागून आमची लाल पद्मिनी आली. पुढची डावी बाजू जमिनीत घुसली, गाडी एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली आणि कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर जाऊन आदळली. तिथं हसणं थांबलं.

आत माझा धाकटा भाऊ होता. दिग्विजय. घरी आम्ही त्याला दिगू म्हणायचो.

मी पोचले तेव्हा गाडीचा टप सीटला टेकला होता. दरवाजा उघडेना. आमच्या तालमीच्या दोघांनी पहार घालून तो उचकटला. दिगूचा उजवा पाय पेडलांच्या मागं अडकला होता आणि गुडघ्याखाली तो पाय राहिलाच नव्हता, नुसतं हाड आणि पँट. तोंड रक्तानं भरलेलं. मी त्याला काखेत धरून ओढला तसा तो गुरासारखा ओरडला आणि मग एकदम गप्प झाला. मला वाटलं, संपलं. त्याला जीपमध्ये टाकलं, चारजण वर चढले आणि मला जागा मिळायच्या आत जीप सुटलीसुद्धा. मी मागं पळाले. पळता पळता कशाला तरी अडखळून तोंडावर पडले. बघते तर ते चाक.

ह्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. कोल्हापुरात त्या शर्यतीचा विषय निघाला की लोक अजून मारामारीचंच सांगतात. मारामारी का झाली ते फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सांगते.

गाडी आमच्या बोराटे तालमीची. त्या तालमीत कुस्त्या चालायच्या, फुटबॉलचा संघ होता, गणपती बसायचा. त्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यात बसलं की माळावरच्या शर्यतीत घिसाड गल्लीच्या मंडळाला धूळ चारायची. वर्गणी काढून एक जुनी पद्मिनी घेतली आणि ती बांधायचं काम आमच्या घरावर आलं. उद्यमनगरात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छोटी फाउंड्री होती. तिला लागून असलेल्या खोलीत एक लेथ होता आणि त्या लेथवर मी उभी असायची. बाईमाणूस लेथवर म्हणून सुरुवातीला लोक खिडकीतून बघून जायचे. मी एकदोघांवर कापसाचा तेलकट बोळा फेकला, मग बघायचे थांबले.

आप्पांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. “गाडी पळाय पायजे, स्वस्तात व्हाय पायजे आणि टिकाय पायजे. ह्यातल्या दोन मागा. तिन्ही पायजे असतील तर देवळात जावा, माझ्याकडं येऊ नका.”

“टिकून काय करायचंय आप्पा?” तालमीचे अध्यक्ष नाना सरनाईक म्हणाले. “पाच चकरांची शर्यत हाय. सहाव्या चकरंला मोडली तरी आपलं काय जातंय?”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं दिगू हसला, कारण गाडी तो चालवणार होता.

मी म्हणाले, “इंजिन हाय ते ऱ्हाऊ दे की. ब्रेक आणि स्प्रिंगा नीट करतो मी. वळणावर जो टिकतोय तोच पुढं जातोय.” कोल्हापुरात आम्ही बायकाही बोलताना ‘करतो’, ‘जातो’ असंच म्हणतो, लिहिताना तेवढी मी सभ्य होते.

“ताई, तू गप बस,” दिगू म्हणाला. “तुझ्या हिशोबानं गाडी केली तर घिसाड गल्लीवाले मला टाटा करत जातील.”

झालं. भंगारातल्या एका अपघाती गाडीचं मोठं इंजिन आलं. मोठ्या इंजिनाला रुंद टायर आले. रुंद टायर पद्मिनीच्या हबवर बसेनात. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बोल्टनं आवळतात तो लोखंडी भाग. त्याच्या भरवशावर सगळी गाडी उभी असते. पुण्याहून घडीव पोलादाचे करून घ्यायचे तर वर्गणी पुरत नव्हती आणि ते यायचेही शर्यत झाल्यावर. तेव्हा आप्पाच म्हणाले, “मी ओतून देतो. चांगलं ओतलं तर बीड दगा देत न्हाई.” बीड म्हणजे ओतीव लोखंड. उजवा हब निघाला तो मी स्वतः लेथवर घेतला, हातोडीनं वाजवून बघितला. खणखणीत वाजला. डावा मागाहून आला. आप्पा तेव्हा पाहुण्यांकडे लग्नाला गेले होते आणि मी एका पंपाच्या कामात गुंतले होते. डाव्याचं टर्निंग, म्हणजे लेथवरचं काम, दिगूनं बाहेरून करून आणलं, रंगही मारला आणि चाक चढवून मोकळा झाला. घाई होती. मी काही विचारलं नाही.

आता राखणीचं सांगायला हवं. माळावरच्या शर्यतीची एक जुनी रीत होती. आदल्या दिवशीच गाड्या तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायच्या आणि प्रत्येक गाडीपाशी समोरच्या मंडळाचा माणूस राखणीला बसवायचा. आमच्या गाडीपाशी त्यांचा, त्यांच्या गाडीपाशी आमचा. गाडीला काही झालं तर राखणदार जबाबदार. म्हणजे दोन्हीकडून एकेक माणूस ओलीस ठेवल्यासारखंच ते होतं. पण त्यामुळं कधी कुणी गाडीला हात लावला नव्हता.

आमच्या गाडीपाशी मल्लू बसला होता. मल्लाप्पा हिरेकुडे. राहायला घिसाड गल्लीत, पण ओतकामाचे साचे भरायला शिकला तो आप्पांच्या हाताखाली. सहा वर्षं आमच्याकडं होता, आमच्याच स्वयंपाकघरात जेवायचा. लग्न झाल्यावर स्वतःची भट्टी काढली तेव्हा पहिली काडी आप्पांनीच लावली. राखणीला बसला तोही हसतच. मला म्हणाला, “रत्नाक्का, तुमच्या गाडीचं लेकरासारखं बघतो. उद्या हरायचं मात्र तुमचं तुम्ही.”

तर मी त्या चाकावर पडले होते. चाकाला हबची अर्धी चकती बोल्टांनी तशीच चिकटून होती आणि तिचा तळहाताएवढा एक तुकडा सुटून मातीत पडला होता. मी तो उचलला. ताजं मोडलेलं बीड चमकतं, साखरेचे दाणे दिसावेत तसं. हेही चमकत होतं. फक्त मधोमध बोराएवढा एक ठिपका मळकट होता, आणि तो चमकत नव्हता.

तेवढ्यात मागं आरोळी उठली.

“कापलंय! चाक कापलंय! राखणीवाल्यानं कापलंय!”

कोण ओरडलं ते कधीच कळलं नाही. पण लोकांना तेवढं पुरलं. शेडच्या बाजूला गर्दीचा भोवरा झाला आणि मला त्यात मल्लूचा निळा सदरा दिसला. मग दिसेनासा झाला.

मी घुसले. आमच्याच तालमीची पोरं होती. ज्यांना मी लहानपणी नागपंचमीला झोके दिले ती. जॅकचा दांडा, झेंड्याच्या काठ्या, हाताला लागेल ते घेऊन मारत होती. मल्लू गुडघ्यावर होता, दोन्ही हात डोक्यावर. “आई शप्पथ न्हाई केलं, आई शप्पथ,” असं म्हणत होता. किरण घोरपडेनं जॅकचा दांडा फिरवला. तो मल्लूच्या हातांमधून घुसून त्याच्या डोळ्यावर बसला. आवाज ओला आला. मल्लू कडेला कलंडला आणि मग लाथा सुरू झाल्या. पोटात, पाठीत, तोंडावर. एकजण त्याच्या हाताच्या बोटांवर उभा राहून टाच फिरवत होता.

“सोडा! मरंल त्यो!” मी ओरडले. कुणी ऐकेना. कडेला चाकाचा पाना पडला होता तो उचलला आणि किरणच्या गुडघ्यावर घातला. तो खाली बसला. दुसऱ्याच्या खांद्यावर घातला. मग कुणीतरी मागून कमरेला विळखा घालून मला उचललं. नाना सरनाईक होते.

“रत्ना, वेड लागलंय काय तुला? तुझा भाऊ मारला त्यानं!”

“न्हाई मारला! हे बघा, हे बघा की!” मी तुकडा त्यांच्या तोंडापुढं नाचवला. “कापलेलं न्हाई हे. मोडलंय.”

“तुला काय कळतंय?”

“मग ज्याला कळतंय त्याला विचारा!”

कारण समोरून आप्पा येत होते. शर्यतीच्या प्रमुख पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपातून धावत आले होते, धोतराचा सोगा सुटलेला, पायात एकच चप्पल. गर्दीनं वाट दिली. उद्यमनगरात बिडाच्या बाबतीत आप्पांचा शब्द शेवटचा होता. दोन कारखान्यांत वाद झाला तर मोडलेला माल घेऊन लोक आप्पांकडे यायचे आणि आप्पा म्हणतील ते दोघेही मानायचे.

मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. “बघा आप्पा. ह्यास्नी सांगा. मल्लूला मारालेत.”

लाथा थांबल्या. आप्पांनी तुकडा उन्हाकडं धरला. अंगठा त्या मळकट ठिपक्यावरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते तोंड माझ्या डोळ्यांदेखत म्हातारं झालं. मग त्यांनी खाली मल्लूकडं बघितलं. मल्लूचा एक डोळा फुटून गालावर आला होता, दुसऱ्यानं तो आप्पांकडंच बघत होता.

आप्पांनी अंगठा त्या ठिपक्यावर तसाच दाबून ठेवला.

“कापलंय,” ते म्हणाले.

सगळे परत मल्लूवर तुटून पडले. आता तर त्यांना आप्पांचा हुकूमच मिळाला होता. मला ते आवाज अजून ऐकू येतात, माणसाच्या बरगडीवर बूट बसतो त्याचे. मी नानांच्या हातातून सुटले आणि बापाच्या अंगावर गेले. हो, बापाच्या. “द्या इकडं!” म्हणून मनगट पिरगाळलं. ते सोडेनात. साठीचा माणूस, पण आयुष्यभर लोखंड उचललेला. मी वाकून त्यांच्या मनगटात दात रोवले. त्यांचं रक्त माझ्या तोंडात आलं तेव्हा कुठं तुकडा खाली पडला.

केसातली पिन काढली आणि त्या ठिपक्यात खुपसली. पिन आत गेली. पिरगाळली तशी आतली राखाडी गोळी सबंध निघून हातात आली.

“पुट्टी!” मी किंचाळले. “पुट्टी हाय ही! वास घ्या! घे की रे किरण, तुझा बाप पण फाउंड्रीतच हाय न्हवं?”

तिथं जमलेल्या निम्म्या माणसांच्या पोटाला बिडानंच भाकरी मिळत होती. ओतताना हवा अडकली की मालात भोक पडतं. असा माल वितळवायला टाकतात. आणि नालायक माणूस भोकात लोखंडाची पुट्टी भरतो, वरून घासतो, रंग मारतो आणि विकतो. हे तिथं कुणाला समजवायला नको होतं. गोळी ह्या हातातून त्या हातात गेली. मारणारे थांबले. घिसाड गल्लीची चार माणसं पुढं होऊन मल्लूला ओढून घेऊन गेली, त्याला उभं राहता येत नव्हतं.

नाना सरनाईकांनी गोळी बोटात चुरडली. “आप्पा, पुट्टी कुणी भरली?”

आप्पा मनगट धरून उभे होते.

“मी,” ते म्हणाले.

“पोटच्या पोराच्या गाडीला?”

“व्हय.”

“आणि वर म्हणालासा कापलंय?”

“व्हय.”

पहिला हात नानांनीच टाकला. आप्पांच्या कानाखाली. मग बाकीचे आले. आता त्यांना मल्लू मिळणार नव्हता, आणि काठ्या तर हातात होत्याच. आप्पांनी हात वर केला नाही, तोंड लपवलं नाही. मी तिथं होते. मला वाटलं, मारा. खरंच तसं वाटलं. दिगू माझ्या हातात थंड पडला होता, मल्लूचा डोळा मातीत गेला होता आणि ह्या माणसानं एक भोक लपवायला दोघांना खाल्लं होतं. आप्पांचा उजवा हात काठीखाली मोडला तो आवाज मी ऐकला. तेवढ्यात घिसाड गल्लीवाले मल्लूसाठी दगड घेऊन उलटले, मग पोलीस आले आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात लाठ्या बसल्या. माझ्या कपाळावरची खूण त्यातलीच आहे.

दिगू मेला नव्हता. गुडघ्याखाली पाय काढला. तिसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीत आला. मी पाणी पाजत होते, तेव्हा त्यानं माझी बोटं धरली.

“ताई, आप्पास्नी सांगू नको.”

“काय?”

“तो डावा हब. आप्पांनी टाकून दिल्ता. खडूची फुली मारून भंगारात. लग्नाला जाऊन येतो, मग परत ओततो म्हणाले. शर्यत रविवारी! मी उचलला. भोक भरलं, घासलं. तू वळखशील म्हणून टर्निंग बाहेरनं केलं. आप्पा आले तवा सांगितलं, भट्टीवरच्या पोरांनी परत ओतला, चांगला निघाला म्हणून.” तो रडायला लागला. “पाच चकरा तर टिकायचं हुतं त्याला.”

मी ग्लास खाली ठेवला. त्याच्या तोंडात मारावी असं वाटलं, आणि चादरीखाली पाय नव्हता तिथं नजर गेली.

आप्पा खालच्या मजल्यावर होते. बरगड्या बांधलेल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. तीन दिवस मी त्यांच्याकडं गेले नव्हते. आता गेले आणि खाटेपाशी उभी राहिले.

“तुम्ही वळखलं हुतं. तुमच्या फुलीचा हब.”

ते छताकडं बघत राहिले.

“मग कापलंय का म्हणालासा?”

“मला वाटलं दिगू गेला,” आप्पा म्हणाले. “जीप गेली ती बघितली मी. गेलेल्या पोराच्या नावावर हे ठेवू? सगळं गाव म्हणालं असतं, स्वतःच्या हातानं मेला.”

“आणि मल्लू? त्यो तुमच्याकडं बघत हुता आप्पा.”

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाले, “मल्लू माझा न्हवता.”

मी निघाले, तेवढ्यात दारात मल्लू दिसला. तो त्याच दवाखान्यात होता. अर्धं डोकं बांधलेलं, डाव्या हाताची बोटं पट्टीत, बायकोच्या खांद्यावर भार देऊन एकेक पाऊल टाकत खाटेपर्यंत आला. बायकोला बाजूला केलं.

“आप्पा, मी शुद्धीत हुतो. कापलंय म्हटलासा, ते ऐकलं मी.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “म्हटलो.”

“पुट्टी तुमची न्हवं. सहा वर्षांत पुट्टीचा डबा तुम्ही भट्टीत येऊ दिला न्हाईसा. एकदा मी आणला तर तुम्ही मला उपाशी ठेवलासा दिवसभर.” त्याला दम लागला. “पोरानं केलं न्हवं?”

आप्पांचे डोळे भरले. मान हलली, हो की नाही ते कळण्याइतकीही नाही.

मल्लूनं उजवा हात उचलला आणि सगळ्या अंगाचं बळ एकवटून आप्पांच्या थोबाडीत दिली. त्याची बायको ओरडली. मी पुढं झाले, पण आप्पांनी प्लास्टरचा हात आडवा करून मला थांबवलं. गालावर बोटं उठली होती.

“आणि एक मार,” आप्पा म्हणाले.

“न्हाई. एवढीच हुती.” मल्लू माझ्याकडं वळला. “रत्नाक्का, दिगू कुठं हाय?”

आप्पांनी चांगल्या हातानं त्याचा सदरा पकडला. “मल्लू, त्याला काय बोलू नको. पोर हाय. पाय गेलाय त्याचा.”

मल्लूनं ती बोटं एकेक करून सदऱ्यावरनं सोडवली. आप्पा पुन्हा धरू लागले तेव्हा मी त्यांचा हात खाटेवर दाबून ठेवला.

मी मल्लूला जिन्यानं वर नेलं. बायको एका बाजूला, मी एका बाजूला. दिगूनं त्याला दारातच ओळखलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. मल्लू खाटेपाशी जाऊन उभा राहिला. मी स्टूल दिलं, तो बसला नाही. चादरीखाली दिगूचा श्वास जोरात चालला होता.

“काढ,” मल्लू म्हणाला. “मी काय करत न्हाई. चादर काढ आणि बघ माझ्याकडं.”

दिगू हलला नाही. मल्लूला उभं राहवत नव्हतं, त्याचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं होतं, पण तो तसाच थांबला. मग मीच हात पुढं करून चादर ओढली.